झोळी फिरवून उभी राहिलेली उद्याने

भारतातून आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या यादीत योसेमिटीचे नाव हमखास असते, आणि ते खोरे पाहून परतल्यावर ‘इथल्या केंद्र सरकारने निसर्ग काय जपून ठेवला आहे’ हे कौतुकही हमखास होते. कौतुक रास्तच आहे. मात्र योसेमिटीचे खोरे आरंभी केंद्र सरकारच्या नव्हे, तर कॅलिफोर्निया राज्याच्या ताब्यात होते आणि चाळीस वर्षे हाती असूनही राज्याला ते नीट सांभाळता आले नाही, ही हकीकत त्या कौतुकात कुठेच नसते. सॅन होजेत राहायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी मी जिथे जिथे पायी भटकत आले, त्यांतल्या बहुतेक जागा राष्ट्रीय नव्हे तर राज्य उद्यानांच्या, म्हणजे इथल्या बोलीत स्टेट पार्कच्या आहेत. त्यांचा इतिहास वाचत गेले तसे एक सूत्र वारंवार दिसू लागले : यांतल्या मोलाच्या जमिनी मिळवल्या त्या बहुतांशी लोकांनी, झोळी फिरवून, सरकारने त्या स्वीकारल्या, कायदा केला, फीत कापली, आणि नंतर देखभालीचा प्रश्न आला की तिजोरीचा हात आखडला.

३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अब्राहम लिंकन यांनी योसेमिटीचे खोरे आणि मारिपोसा येथील प्रचंड सिकोया वृक्षांची राई कॅलिफोर्नियाच्या स्वाधीन करणाऱ्या कायद्यावर सही केली. जागा जनतेच्या वापरासाठी आणि विरंगुळ्यासाठी राखावी आणि ती कायमची अशीच राहावी, कोणाला विकून वा देऊन टाकू नये, अशी त्यात अट होती. यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले ते १८७२ साली. म्हणजे अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानाच्या आठ वर्षे आधी राज्याच्या उद्यानाची कल्पना प्रत्यक्षात आली होती. ज्या खोऱ्याचे हे दानपत्र झाले, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आवानीची लोकांना १८५१ साली मारिपोसा बटालियनच्या सशस्त्र तुकडीने हुसकावून लावले होते. ‘अस्पर्शित निसर्ग’ म्हणून जो राखायचा ठरला, तो आधी माणसांपासून रिकामा करून घेतलेला होता.

खोऱ्याच्या कारभारासाठी जे आयुक्त नेमले गेले, त्यांत न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड प्रमुख होते. १८६५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सहकाऱ्यांसमोर एक अहवाल वाचला. अशी रम्य स्थळे सरकारने राखली नाहीत तर ती मूठभर श्रीमंतांच्या कुंपणाआड जातील, म्हणून ती सर्वांसाठी खुली ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले होते आणि त्यासाठी लागणाऱ्या खर्चाची मागणीही केली होती. खर्चाचा विषय निघताच काही सहकाऱ्यांनी तो अहवाल विधिमंडळापर्यंत पोहोचूच दिला नाही. तो पुन्हा उजेडात आला १९५२ साली. मधल्या काळात खोऱ्याची राखण गेलन क्लार्क या सज्जन माणसावर सोपवलेली होती. त्यांच्या हाती पैसा जवळजवळ नव्हता, आणि खोऱ्यात हॉटेले, गवताची शेते आणि गुरांची कुंपणे वाढत होती. निसर्गलेखक जॉन म्यूर यांनी याविरुद्ध लिहून रान उठवले. १८९० साली खोऱ्याच्या भोवतालचा डोंगराळ मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला. १९०३ च्या मे महिन्यात म्यूर यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना तिथे उघड्यावर मुक्कामाला नेले, आणि १९०६ साली खोरे व मारिपोसाची राई केंद्राकडे परत गेली. राज्याच्या पहिल्या उद्यानाचा शेवट असा नामुष्कीचा झाला. मला मात्र या प्रकरणात नामुष्कीपेक्षा तो दडपलेला अहवाल अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मागितलेल्या पैशाचा प्रश्न पुढे दीडशे वर्षे पिच्छा सोडत नाही.

योसेमिटी हातचे जाण्याआधीच राज्याच्या उद्यानांची दुसरी, आणि टिकाऊ, सुरुवात झाली होती; तीही माझ्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. अँड्र्यू हिल हे सॅन होजेतले चित्रकार आणि छायाचित्रकार. १८९९ साली सांताक्रूझच्या डोंगरात मोठा वणवा लागला, त्यावरच्या लेखासाठी एका इंग्लिश मासिकाला तिथल्या रेडवूड वृक्षांची छायाचित्रे हवी होती, आणि ते काम हिल यांच्याकडे आले. फेल्टन गावाजवळच्या वेल्च यांच्या खासगी राईत त्यांनी छायाचित्रे काढली. मालकाने ती आपल्या परवानगीशिवाय काढली म्हणून त्यांच्या काचेच्या निगेटिव्हच मागितल्या. हिल यांनी त्या दिल्या नाहीत. मात्र परतताना त्यांच्या मनात एवढे पक्के झाले की ही झाडे कोणा एकाच्या मालकीची असता कामा नयेत. ही हकीकत मुख्यतः हिल यांनीच नंतर सांगितलेली आहे, त्यामुळे तिला थोडी कल्हई चढलेली असणे शक्य आहे. पण पुढचे सारे नोंदलेले आहे.

रेडवूड म्हणजे काय, हे न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, पॅसिफिकवरून येणाऱ्या धुक्यावर पोसला जाणारा हा सूचिपर्णी वृक्ष जगातला सर्वांत उंच वृक्ष आहे. आज सर्वांत उंच म्हणून ज्याची नोंद आहे, तो ११५ मीटरांहून उंच आहे. दोन हजार वर्षांचे वृक्षही आढळतात. लाकूड तांबूस, सरळ रेषेचे, वाळवीला आणि कुजण्याला दाद न देणारे. म्हणजे घरे, कुंपणे, रुळांखालचे स्लीपर या सर्वांसाठी सोयीचे. सोन्याच्या शोधात लोकांचे लोंढे आल्यानंतर उभी राहिलेली या भागातली शहरे बऱ्याच अंशी याच लाकडाची होती. मूळ जंगल सुमारे वीस लाख एकरांवर पसरलेले होते, त्यातले जेमतेम पाच टक्के आता न तोडलेल्या स्थितीत उरले आहे. हिल यांच्या काळात करवतींचा आवाज सांताक्रूझच्या डोंगरातल्या बिग बेसिन या रेडवूडच्या जंगलाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला होता.

१९०० च्या मे महिन्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक सभा झाली आणि ठरले की आधी ते जंगल डोळ्यांनी पाहावे. थोडी मंडळी गाड्याघोड्यांनी बिग बेसिनमध्ये जाऊन तंबू ठोकून राहिली. तिथे १८ मे रोजी झाडांखालीच ‘सेंपरव्हायरन्स क्लब’ स्थापन झाला, आणि टोपी फिरवून बत्तीस डॉलर जमले. या मंडळींत कॅरी स्टीव्हन्स वॉल्टर आणि जोसेफिन मॅक्रॅकिन यांच्यासारख्या लिहित्या स्त्रिया होत्या. मॅक्रॅकिन यांचे स्वतःचे घर त्या १८९९ च्या वणव्यात जळाले होते. वृत्तपत्रांतून लेख आले, स्त्रियांच्या क्लबांनी ठराव केले, हिल यांची छायाचित्रे राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, आमदारांच्या हातोहाती फिरली. १९०१ साली विधिमंडळाने अडीच लाख डॉलर मंजूर केले आणि १९०२ साली सुमारे ३,८०० एकर जंगल राज्याच्या मालकीचे झाले. आजच्या व्यवस्थेतले हे सर्वांत जुने उद्यान. गंमत म्हणजे जिथे हिल यांचा अपमान झाला ती फेल्टनची राईसुद्धा पुढे जनतेचीच झाली : १९३० साली ती काउंटीने विकत घेतली आणि १९५४ साली, कॉवेल घराण्याने दिलेल्या शेजारच्या जमिनीसह, तिचे हेन्री कॉवेल राज्य उद्यान झाले. कॉवेल यांचा धंदा चुनखडीच्या भट्ट्यांचा होता, आणि त्या भट्ट्यांत सरपण म्हणून रेडवूडच जळत असे, हेही सांगून ठेवते.

उत्तरेकडच्या हम्बोल्ट परिसरातली कथा याहून मोठी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. तिथे नवा महामार्ग होत होता आणि त्याच रस्त्याने लाकूड बाहेर नेणे सोपे होणार होते. १९१७ साली हा टापू पाहून आलेल्या तिघांनी, म्हणजे जॉन मेरियम, हेन्री फेअरफील्ड ऑस्बर्न आणि मॅडिसन ग्रँट यांनी, १९१८ साली ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ स्थापन केली. यांतले ग्रँट हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे अमेरिकेतले एक मोठे प्रचारक होते. १९२४ च्या ज्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांना अमेरिकेची दारे जवळजवळ बंद केली, त्यामागच्या विचाराला त्यांनी खतपाणी घातले होते. ज्यांच्या लेखी माझ्यासारखीने या देशात पाऊलही ठेवायला नको होते, त्यांनी वाचवलेल्या झाडांच्या सावलीत मी शिदोरी सोडून बसते. ग्रँट यांच्या नावाची प्रेअरी क्रीक उद्यानातली स्मारकशिला २०२१ साली हलवण्यात आली. ते योग्यच झाले. पण झाडे वाचवण्याचे श्रेय त्यांच्या नावावरून खोडून टाकता येत नाही आणि त्या श्रेयाने त्यांचा दुसरा उद्योग धुऊनही निघत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर राहणार.

लीगची युक्ती साधी होती. कोणी देणगी दिली की ठरावीक तुकडा विकत घ्यायचा आणि त्या राईला देणगीदाराचे किंवा त्याच्या दिवंगत आप्ताचे नाव द्यायचे. आपल्याकडे कोकणातली देवराई देवाच्या धाकाने टिकली, तशी ही राई नावाच्या पाटीने टिकली असे म्हणता येईल, फक्त इथे धाकाऐवजी पावती होती. पहिली स्मृतिराई १९२१ साली झाली आणि तिथूनच हम्बोल्ट रेडवूड्स उद्यानाची सुरुवात धरतात. युरेका शहरातल्या स्त्रियांनी आपली स्वतंत्र शाखा काढून गावोगाव प्रचार केला. राज्यभरच्या महिला मंडळांच्या महासंघाने वर्गणी जमवून स्वतःची राई घेतली, आणि तिथे वास्तुविशारद ज्युलिया मॉर्गन यांनी चारही बाजूंना तोंडे असलेली एक दगडी चूल बांधली. ही चूल मी पाहिली आहे. वर लाकडी तुळयांचे छप्पर, खाली चार दिशांना चार जाळ पेटवता येतील अशी रचना, आणि भोवती मान मागे टाकूनही शेंडा दिसणार नाही अशी झाडे. मोठ्या देणगीदारांत धाकटे जॉन रॉकफेलर होते. त्यांच्या वीस लाख डॉलरांमुळे १९३१ साली बुल क्रीकच्या काठचे जुने जंगल लाकूड कंपनीकडून विकत घेता आले. तेवढीच रक्कम दुसऱ्या बाजूने राज्याने आणि इतरांनी उभी केली होती.

‘निम्मे तुम्ही, निम्मे आम्ही’ हाच हिशेब पुढे सबंध व्यवस्थेचा पाया झाला. तोवर सुटी सुटी उद्याने होती, पण त्यांचे एकत्र खाते नव्हते. १९२५ साली विधिमंडळाने तसा कायदा संमत केला, तर गव्हर्नर रिचर्डसन यांनी त्यावर सहीच केली नाही आणि तो बारगळला. १९२७ साली नवे गव्हर्नर यंग यांनी सही केली आणि राज्य उद्यान आयोग अस्तित्वात आला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९२८ मध्ये, साठ लाख डॉलरांच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव मतदारांपुढे गेला आणि सुमारे तीनास एक अशा मताधिक्याने मंजूर झाला. अट तीच : राज्याच्या प्रत्येक डॉलरमागे दुसऱ्या कोणीतरी तेवढेच मोल, पैशाच्या किंवा जमिनीच्या रूपात, दिले पाहिजे. कोणत्या जमिनी घ्यायच्या हे ठरवण्यासाठी जो पाहणी-अहवाल करवला गेला, तो धाकट्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी केला, म्हणजे ज्यांचा अहवाल १८६५ साली दाबला गेला त्यांच्याच मुलाने. त्यांनी तीनशेहून अधिक सुचवलेल्या जागा तपासल्या आणि त्यांतल्या सुमारे सव्वाशे निवडल्या. वडिलांचा अहवाल अजूनही कागदांच्या ढिगात पडलेला होता. मुलाचा मात्र प्रत्यक्षात उतरला. किनाऱ्यावरचे पॉइंट लोबोस, जिथे कधीकाळी वसाहतीचे भूखंड पाडून विकायला काढले होते, ते १९३३ साली याच रोख्यांतून आणि याच पाहणीच्या आधाराने राज्याकडे आले.

मंदीने या व्यवस्थेला विचित्र हात दिला. जमिनी स्वस्त झाल्या आणि मजूर केंद्राने पाठवले. ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या योजनेत बेकार तरुणांना छावण्यांत ठेवून काम दिले जाई. महिना तीस डॉलर पगार, त्यातले पंचवीस थेट घरी. या पोरांनी १९३३ ते १९४२ या काळात वाटा पाडल्या, भिंती रचल्या, पाण्याच्या टाक्या आणि तंबूंचे तळ बांधले. माउंट टॅमलपायसवरच्या खुल्या नाट्यगृहातली दगडी बैठक त्यांचीच. लोम्पोकजवळचे ला पुरिसिमा मिशन, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसारकांचे जुने ठाणे, पार ढासळले होते. त्यांनी तिथल्याच मातीच्या लाखाहून अधिक कच्च्या विटा थापून, जुन्या पद्धतीने ते पुन्हा उभे केले. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानात एखादी ओबडधोबड पण चिरेबंद जुनी इमारत दिसली तर ती याच काळातली असण्याची शक्यता दाट. बिग बेसिनचे मुख्यालयही तसलेच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतरची पंचवीस-तीस वर्षे विस्ताराची होती. तेलविहिरींच्या स्वामित्वधनातला वाटा उद्यानांना मिळू लागला, १९६४ साली मतदारांनी पंधरा कोटी डॉलरांचे नवे रोखे मंजूर केले, आणि वृत्तपत्रमालक हर्स्ट घराण्याने सॅन सिमिऑनचा आपला महाल राज्याला देऊन टाकला. दक्षिणेकडच्या वाळवंटातले आन्झा-बोरेगो वाढत वाढत सहा लाख एकरांच्या घरात गेले, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण चौपट. आज या व्यवस्थेत सुमारे २८० जागा आहेत. त्यांत जंगले आहेत, वाळवंट आहे, जुनी मिशने आणि ओसाड पडलेली खाणगावे आहेत, आणि राज्याच्या समुद्रकिनाऱ्याचा सुमारे पाव हिस्साही आहे.

या २८० जागांत एक अशी आहे जिच्याबद्दल घाईने लिहिणे मला जमत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल आयलंडवर १९१० ते १९४० या काळात परदेशांतून येणाऱ्यांची तपासणी-छावणी होती, आणि मुख्यतः चिनी लोकांना तिथे आठवडे, महिने, क्वचित त्याहूनही अधिक काळ अडकवून ठेवले जाई. बेट राज्य उद्यान झाले ते १९५० च्या दशकात. छावणीच्या जुन्या बराकी पाडायच्या ठरल्या होत्या. १९७० साली उद्यानातल्या अलेक्झांडर वाइस नावाच्या रेंजरला भिंतींवर कोरलेली चिनी अक्षरे दिसली. वरिष्ठांनी फारसे मनावर घेतले नाही, तेव्हा त्याने विद्यापीठातल्या ओळखीच्या प्राध्यापकांना कळवले. ती बातमी बे एरियातल्या आशियाई समाजापर्यंत गेली, त्यांनी पाठपुरावा केला आणि १९७६ साली विधिमंडळाने जतनासाठी अडीच लाख डॉलर दिले. बिग बेसिनच्या खरेदीला दिला होता तोच आकडा, फक्त मधे पाऊण शतक गेलेले आणि डॉलर बराच रोडावलेला. बराकीत आज आत गेले की लोखंडी सांगाड्यांवर टांगलेल्या, एकावर एक तीन अशा निजण्याच्या फळ्या दिसतात, आणि लाकडी भिंतीवर प्रकाश तिरपा पडला की रंगाखालून अक्षरे वर येतात. त्या काळच्या अधिकाऱ्यांनी ही ‘खरडाखरड’ लपवायला खाचांत लांबी भरून वर रंगाचे हात मारले होते. त्या रंगामुळेच लाकूड टिकले आणि कविता वाचल्या.

तिथे येणाऱ्यांत हिंदुस्थानीही होते, मुख्यतः पंजाबकडचे. इथून परत पाठवल्या गेलेल्यांचे प्रमाण काढले तर सर्वांत अधिक नाकारले गेले ते हिंदुस्थानातून आलेलेच. पेशावरचे वैष्णोदास बगाई १९१५ साली पत्नी आणि तीन लहान मुलांसह इथे उतरले. पुढे त्यांना नागरिकत्व मिळाले, हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवणाऱ्या १९२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते काढून घेतले गेले, आणि १९२८ साली त्यांनी जीवन संपवले. इथल्या मराठी कुटुंबांत बेटावर सहलीला जाण्याची पद्धत आहे. टेकडीवरून गोल्डन गेट पूल दिसतो, फोटो छान येतात. बहुतेक जण बराकीपर्यंत जातच नाहीत. जावे असे मला वाटते.

राज्याच्या उद्यानांनी इतिहासाच्या बाबतीत अलीकडे आणखी एक पाऊल टाकले आहे. उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या ‘पॅट्रिक्स पॉइंट’ला ज्या वसाहतदाराचे नाव होते, त्याच्यावर तिथल्या युरोक या मूळ रहिवासी लोकांच्या हत्येचे आरोप होते. २०२१ साली आयोगाने एकमताने त्या उद्यानाला ‘सू-मेग’ हे युरोक लोकांचे मूळ नाव परत दिले. पाटी बदलायला फार पैसे लागत नाहीत, हे त्यामागचे एक कारण असावे असे एखादा खवचट माणूस म्हणेल. पण युरोक लोकांनी त्या उद्यानात उभारलेले पारंपरिक गाव १९९० पासून तिथे आहे, तेव्हा नाव त्यांना परत मिळण्यासाठी तीस वर्षे थांबावे लागले हेच खरे आश्चर्य आहे.

आता पैशाकडे येते, कारण खरे दुखणे तिथे आहे. जमीन घेण्यासाठी कर्जरोखे काढता येतात, देणगीदार मिळतात, उद्घाटनाला गव्हर्नर येतात. गळके नळ, खचलेल्या वाटा आणि पडीक संडास यांच्यासाठी स्मृतिशिला कोणी बसवत नाही. रखडलेल्या दुरुस्त्यांचा डोंगर एक अब्ज डॉलरच्या वर जाऊन बसला होता. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर दर अंदाजपत्रकात उद्याने बंद करण्याची धमकी येऊ लागली. नोव्हेंबर २०१० मध्ये एक उपाय मतदारांपुढे ठेवला गेला : गाडीच्या वार्षिक नोंदणीवर अठरा डॉलर जास्त घ्यायचे आणि बदल्यात राज्य उद्यानांत वर्षभर मोफत प्रवेश द्यायचा. मतदारांनी तो फेटाळला. १९२८ साली मंदीच्या तोंडावर खिसा मोकळा करणाऱ्या राज्यानेच अठरा डॉलरांना नकार दिला. पण १९२८ ला मागणी होती जंगलांसाठी आणि २०१० ला होती डागडुजीसाठी, हा फरक मतदानात दिसला असे मी मानते.

मे २०११ मध्ये बंद करायच्या सत्तर उद्यानांची यादी जाहीर झाली. त्यात आमच्या जवळचे हेन्री कोए होते. मॉर्गन हिल गावातून वळणावळणाचा एक अरुंद रस्ता चढत जातो आणि जुन्या गुरांच्या वाड्याशी संपतो. तिथून पुढे सत्त्याऐंशी हजार एकर डोंगर, ओक आणि वसंतात रानफुले. ही जागा मुळात सेडा कोए यांनी १९५३ साली वडिलांच्या स्मरणार्थ दान दिलेली. ती बंद होणार म्हटल्यावर काही देणगीदारांनी निधी उभारून तिचा तुटीचा खर्च तीन वर्षे उचलायचे कबूल केले. इतर ठिकाणीही हेच झाले. कुठे गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कुठे स्वयंसेवी संस्थेने सारा कारभारच अंगावर घेतला, जसे सोनोमातल्या जॅक लंडन उद्यानाचे झाले. आणि जुलै २०१२ मध्ये उघड झाले की उद्यान विभागाच्या दोन खात्यांत मिळून सुमारे ५.४ कोटी डॉलर वर्षानुवर्षे अर्थखात्याला न सांगता पडून होते. संचालकांनी राजीनामा दिला. ज्यांनी मुलांच्या लिंबू सरबताच्या गाड्यांपासून पैसे जमवले होते त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. तरीही मला त्या प्रकरणात निव्वळ लबाडी दिसत नाही. शिल्लक दाखवली तर पुढच्या वर्षी तेवढीच कापली जाईल, ही कोणत्याही सरकारी कचेरीला ठाऊक असलेली भीती त्यामागे होती. भीती समजते, पण फुटलेला विश्वास सांधायला विभागाला बरीच वर्षे लागली. यादीतली जवळजवळ सगळी उद्याने उघडी राहिली.

ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या विजांच्या वादळाने सांताक्रूझच्या डोंगरात आग लागली आणि बिग बेसिनचा सत्त्याण्णव टक्के भाग तिच्या तडाख्यात सापडला. मंदीतल्या पोरांनी बांधलेले मुख्यालय, निवासस्थाने, तळ, पूल, सारे गेले. जुलै २०२२ मध्ये उद्यान थोडके उघडले आणि गाडी लावण्याची जागा आधी राखून ठेवावी लागू लागली. मी तिथल्या रेडवूडच्या फेरीवाटेवर गेले तेव्हा बुंध्याला हात लावला की बोटे काळी होत होती. वीतभर जाडीची साल कोळसा झालेली, आणि तरी खोडावर, फांद्यांच्या जागी नव्हे तर थेट खोडाच्या अंगातून, खालपासून वरपर्यंत हिरवी पालवी फुटलेली. सालीखाली दबून असलेले जुने डोळे आगीनंतर जागे होतात. शेजारचे डग्लस फर मात्र बरेचसे वाळून उभे होते. जुने रेडवूड बहुतांशी वाचले. बांधकामांचे तसे नाही, आणि तिथे आता एक शहाणपणाचा निर्णय झाला आहे : नवे मुख्यालय आणि वाहनतळ जुन्या झाडांच्या मुळांवर पुन्हा न बांधता जंगलाच्या कडेला न्यायचे आणि आत छोट्या बसने जायचे. पूर्वी लोक ज्या झाडाखाली जेवायला बसत, तिथे आता फक्त पायी पोहोचायचे.

जाता जाता, इथे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक उपयोगाची गोष्ट. बहुतेक उद्यानांत दिवसाचे गाडीशुल्क दहा डॉलरच्या आसपास असते, पण २०२२ पासून सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तकाप्रमाणे राज्य उद्यानांचा पासही घरी नेता येतो. नऊ माणसांपर्यंतच्या एका गाडीला तो दोनशेहून अधिक उद्यानांत चालतो. २०२४ साली अंदाजपत्रकात तूट आली तेव्हा या पासाचा निधी काढून टाकण्याचा प्रस्ताव होता. ग्रंथालयांनी आणि वापरणाऱ्यांनी तक्रारी केल्यावर तो निधी टिकला. आमच्या ग्रंथालयात मोजकेच पास आहेत आणि उन्हाळ्यात त्यांना मागणी फार असते, तेव्हा नाव आधीच नोंदवून ठेवावे.